यावल ते ओदेमिरा : चाळिशीनंतरच्या पोर्तुगीजचं एक प्रकरण

प्रकरण यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं आहे. वय 41. कृषी पदविका, घरची थोडी बागायत आणि ठिबकच्या एका डीलरकडे फिटिंग-सर्व्हिसचा बराच अनुभव. गावात त्यांना लहान-मोठे सगळे भाऊ म्हणतात, आपणही तेच म्हणू. लागोपाठ दोन हंगाम केळी वादळात आडवी झाली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि 2021 च्या अखेरीस भाऊ पोर्तुगालला गेले. बायको-मुलगी फैजपूरला राहिल्या.

गेले ते ओदेमिरात. पोर्तुगालच्या दक्षिणेला, आलेंतेझु प्रांतात, अटलांटिकच्या काठावरचा हा भाग. मिरा नदीवरच्या सांता क्लारा धरणाचं पाणी कालव्याने येतं आणि त्यावर मैलोन् मैल प्लास्टिकचे बोगदे उभे आहेत. आत रास्पबेरी. तोडणीला माणसं लागतात ती नेपाळ, पंजाब, बांगलादेशातून आलेली. भाऊ तिथे तोडणीवर लागले.

मी पोर्तुगीज पणजीत शिकलो आणि जळगावात बसून शिकवतो. विद्यार्थी बहुतेक परदेशात गेलेले नाहीतर निघायच्या तयारीतले. 2023 च्या पावसाळ्यात भाऊंचा पहिला व्हिडिओ कॉल आला. दीड वर्षाहून जास्त काळ पोर्तुगालमध्ये काढलेल्या माणसाकडे तेव्हा नमस्कार, आभार, आकडे आणि रास्पबेरीच्या खोक्यांशी संबंधित चार शब्द एवढीच पुंजी होती. त्यांनी स्वतःच सांगितलं, "सर, वाचता येतं मले थोडं. पन ते बोलले का पानी डोक्यावरून जातं."

निकड दोन गोष्टींची होती. तिथल्या नागरिकत्वासाठी पोर्तुगीजचं ए-2 पातळीचं, म्हणजे युरोपातल्या भाषामोजणीत खालून दुसऱ्या पायरीचं, प्रमाणपत्र लागतं. पुढेमागे कुटुंब नेऊन तिथेच राहायचं तर ते हवंच. दुसरं त्यांनी तिसऱ्या-चौथ्या कॉलला सांगितलं. तोडणीवरून त्यांना पाण्याच्या कामावर जायचं होतं. ठिबक हा त्यांचा धंदा. पण एंकार्रेगादु, म्हणजे मुकादम, पोर्तुगीज सोडून काही बोलत नव्हता, आणि मध्ये एक नेपाळी दुभाषा होता.

परदेशात असूनही भाषा का येत नाही

आपल्याकडे एक समज पक्का आहे की माणूस तिकडे गेला की भाषा आपोआप येते. पोहण्यासारखं, विहिरीत ढकललं की झालं. भाऊंच्या दिनक्रमात पोर्तुगीज कुठे होतं ते बघा. घरात हिंदी, कारण खोलीत पंजाबी आणि नेपाळी. कामावर हिंदी, कारण मुकादमाचं म्हणणं दुभाष्यामार्फत येतं. किराणा पंजाब्याच्या दुकानात. संध्याकाळी फैजपूरला फोन. रविवारी क्रिकेट. आठवडाभरात पोर्तुगीज कानावर पडायचं ते बसचालकाचं आणि सुपरमार्केटच्या काउंटरवरचं, तेही पैसे देण्यापुरतं. ओदेमिरात राहणं आणि पोर्तुगीजमध्ये राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गोष्ट दुबईतल्या, ओमानमधल्या कुठल्याही खानदेशी माणसाला नवी नाही. दहा वर्षं आखातात काढून अरबी येत नाही, हिंदी मात्र झकास होते.

प्रयत्न झाले नव्हते असं नाही. भाऊंनी मोबाइलवर एक ॲप महिनोन् महिने चालवलं होतं. त्या ॲपवरचं पोर्तुगीज ब्राझीलचं. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी 'ती' आणि 'दी' हे 'ची' आणि 'जी' होतात. सकाळचा नमस्कार तिथे 'बों जीअ', पोर्तुगालमध्ये 'बों दीअ'. दूध तिथे 'लेइची', इथे 'लैत्'. रेल्वेला, बसला, मोबाइलला, न्हाणीघराला दोन्हीकडे वेगळे शब्द. भाऊ शिकले एक आणि ऐकत होते दुसरं. ब्राझीलचं पोर्तुगीज वाईट नाही, उलट नवशिक्याला सोपं आहे, पण ज्याला उद्या सकाळी ओदेमिरातल्या मुकादमाचं ऐकायचंय त्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रयत्न वर्गाचा. पोर्तुगाल सरकार स्थलांतरितांसाठी मोफत भाषावर्ग चालवतं. सरकारी शाळांत आणि रोजगार प्रशिक्षण केंद्रांत. ए-1 आणि ए-2 मिळून 150 तास, आणि हा अभ्यासक्रम पुरा केला की मिळणारं प्रमाणपत्र परीक्षेऐवजी चालतं. योजना उत्तम आहे. ज्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत त्याने आधी तिथेच जावं, खासगी शिकवणीला पैसे घालू नयेत, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पण तोडणीचा भर आला की दिवस मावळेपर्यंत काम, आणि वर्ग संध्याकाळी. हजेरी तुटली आणि भाऊंचं नाव गेलं.

चावी, बटाटा, बादली, पगार हे शब्द पोर्तुगीजमधून आले म्हणून ती भाषा मराठी माणसाला सोपी, असं गप्पांमध्ये नेहमी निघतं. पहिल्या दिवशी हुरूप यायला ते ठीक. दुसऱ्या दिवसापासून त्याचा काही उपयोग नसतो.

कान

पहिलं काम कानाचं होतं. पोर्तुगालचं पोर्तुगीज कागदावर जेवढं मोकळं दिसतं तेवढं बोलताना मिटून जातं. ज्या अक्षरावर जोर नाही त्याचा स्वर जवळजवळ गिळला जातो. टेलिफोनसाठी लिहितात 'तेलेफोने', ऐकू येतं 'त्ल्फॉन्'. लहानसाठी लिहितात 'पेकेनो', कानावर पडतं 'प्केनु'. प्लास्टिकच्या बोगद्याला 'एस्तूफा' लिहितात, म्हणतात 'श्तूफ'. शब्दाच्या शेवटचा 'स' एरवी 'श' होतो, त्यामुळे सगळं बोलणं कुजबुजल्यासारखं वाटतं. भाऊ शब्द डोळ्यांनी शिकले होते. मुकादम तेच शब्द बोलायचा आणि त्यांना ते ओळखू यायचे नाहीत.

इथे देवनागरी कामाला आली. वहीत दोन रकाने: डावीकडे पोर्तुगीज लेखन, उजवीकडे जे ऐकू आलं ते देवनागरीत, पाय मोडून. हलन्त चिन्हाची सोय रोमन लिपीत नाही. त्यात दुसरा फायदा असा झाला की 'ट' आणि 'ड' सुटले. भाऊ इंग्रजीच्या वाटेने पोर्तुगीजकडे गेले होते, म्हणून रोमन लिपीतलं अक्षर बघून त्यांची जीभ वर वळायची. पोर्तुगीजचे हे दोन्ही आवाज दातांवरचे आहेत, थेट आपले 'त' आणि 'द'. वहीत 'गोता' असं लिहिलं की 'गोटा' तोंडातून येत नाही. (गोता म्हणजे थेंब. ठिबकला ते 'गोता-आ-गोता' म्हणतात.) नाकातल्या स्वरांना मराठीपेक्षा हिंदी उपयोगी पडली, 'हाँ' आणि 'माँ' म्हणता येणाऱ्याला पोर्तुगीजचा 'नाँउ' जमतो. अडलं ते 'र' वर. एक 'र' आपल्यासारखा, दुसरा घशातून खरवडून येणारा, आणि सिंचनाला जो शब्द आहे, 'रेगा', त्याची सुरुवातच त्या दुसऱ्याने होते. हा आवाज भाऊंना अजूनही धड येत नाही. कुणाचं काही अडलेलं नाही.

ऐकण्यासाठी मी त्यांना बातम्या दिल्या नाहीत, मालिका दिल्या नाहीत. सरकारी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज दिला. मिनिट-दोन मिनिटांचा, रोज तोच साचा, तेच तीस-चाळीस शब्द: पाऊस, सरी, धुकं, वाऱ्याची दिशा, कमाल, किमान. मुख्य म्हणजे काय बोलणार ते आधीच ठाऊक असतं, कारण शेतकरी माणूस सकाळी उठून आभाळ बघतोच. आकाशवाणी जळगावचे बाजारभाव ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. काही आठवड्यांत 'अग्वसैरुश्', म्हणजे सरी, हा शब्द त्यांना मुकादमाच्या तोंडून ऐकू आला आणि त्यांनी मला व्हॉइस नोट पाठवली. मुकादम तो शब्द आधीही बोलत असणारच.

पावरी कशी आली होती

कान उघडला, तोंड मात्र बंदच. शिकवणीत माझ्याशी चार वाक्यं नीट बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी बोगद्यात गप्प. घोकंपट्टी कमी पडतेय असं म्हणावं तर वह्या भरलेल्या. मी त्यांना विचारलं की आत्तापर्यंत भाषा कोणत्या आणि कशा आल्या. घरात लेवा बोली, शाळेत मराठी, सावद्याच्या व्यापाऱ्यांशी हिंदी, कागदांपुरती इंग्रजी. आणि मग सहज म्हणावं तसं, "पावरी येते ना. मजूर सारे पावरा-बारेला."

पावरी म्हणजे या पावरा-बारेला आदिवासींची बोली. सातपुड्याच्या पायथ्याच्या केळी पट्ट्यात हे नवलाचं नाही. पण मला ते महत्त्वाचं वाटलं, कारण पावरी त्यांनी पुस्तकाशिवाय, वर्गाशिवाय, विशीत आल्यावर शिकली होती. वडिलांनी त्यांना घड कापणाऱ्या टोळीबरोबर उभं केलं. ते चुकीचं बोलायचे, मजूर हसायचे, हे पण हसायचे, आणि दोन हंगामांत काम चालण्याइतकी भाषा आली. मग तीच तऱ्हा ओदेमिरात का चालेना?

यावर भाऊ जे म्हणाले ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. "तिथं मी मालकाचा पोरगा होतो सर. चुकलो तरी पगार मीच द्यायचा होता."

माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथे आहे. मोठ्या माणसाची स्मरणशक्ती कमी पडते वगैरे आपण बोलतो, ते काही अंशी खरंही असेल. पण ज्याला गाव 'भाऊ' म्हणतं, ज्याच्या शब्दाला भावकीत वजन आहे, त्याला परक्या देशात तीन वर्षांच्या पोरासारखं बोलावं लागतं, आणि समोरचा त्याच्या बोलण्यासाठी थांबायला बांधलेला नसतो. यावलला समोरच्या मजुराला यांचं म्हणणं समजून घेणं भाग होतं, म्हणून तुटक पावरी चालली. ओदेमिरात मुकादमाला ती गरज नाही, दुभाषा आहे. तेव्हा प्रश्न असा मांडायला हवा की भाऊंचं तुटक पोर्तुगीज ऐकून घेण्याची गरज तिथे कुणाला, कोणत्या जागी पडू शकेल.

उत्तर त्यांच्या हातातच होतं. त्या मळ्यावर कालव्याचं उघडं पाणी यायचं, शेवाळ यायचं, नळ्यांच्या शेंड्याकडचे ड्रिपर चोकअप व्हायचे. भाऊंना तोडणी करता करता ते दिसायचं.

म्हणून पुढचे काही आठवडे आम्ही नमस्कार-चमत्कार, कुटुंबाची माहिती, आवडता रंग हे सगळं बाजूला ठेवलं. फक्त ठिबक. फिल्टर, व्हॉल्व्ह, पंप, नळी, ड्रिपर, दाब, खत, घाण, स्वच्छ, उघडा, बंद करा, आधी, नंतर. मला ठिबकमधलं काही कळत नाही, आणि याचा फार उपयोग झाला. सँड फिल्टर उलटा का धुवायचा हे मला खरोखरच माहीत नव्हतं. मी पोर्तुगीजमध्ये विचारायचो, ते पोर्तुगीजमध्ये समजावायचे, मला कळायचं नाही, ते वैतागायचे आणि वैतागून जास्त बोलायचे. त्या तासांत त्यांच्या तोंडून जेवढी भाषा बाहेर पडली तेवढी आधीच्या सगळ्या धड्यांत मिळून पडली नव्हती. व्याकरण मी दुरुस्त करत नव्हतो. सगळी क्रियापदं मूळ रूपात असली तरी चालू दिलं.

मग एके दिवशी तिथे एका बोगद्यातली झाडं शेंड्याकडून सुकायला लागली. दुभाष्याला ठिबक कळत नव्हतं. मुकादम ड्रिपर बदलायला सांगत होता. भाऊ पुढे झाले आणि म्हणाले: फिल्त्रु सूझु. प्रिमैरु लव्हार फिल्त्रु. द्पोइश् अब्रीर पोंत. फिल्टर घाण. आधी फिल्टर धुणे. नंतर टोक उघडणे. एवढंच. मुकादमाने परत विचारलं, यांनी परत सांगितलं, हात करून दाखवलं, आणि नळ्यांची टोकं सोडली तेव्हा हिरवट पाणी निघालं. यात चमत्कार काही नाही, यावलच्या कुठल्याही फिटरला हे जमलं असतं. फरक पडला तो असा की दुसऱ्या दिवसापासून मुकादम दुभाष्याला वगळून थेट यांच्याकडे यायला लागला, सावकाश बोलायला लागला, आणि कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगायला लागला. असा शिक्षक पैसे देऊन मिळत नाही. 2024 मध्ये भाऊ तोडणीवरून पाण्याच्या कामावर गेले.

मध्ये एक प्रसंग मानापमानाचाही झाला. ॲपवर ते 'व्होसे' शिकले होते, तुम्ही या अर्थी. ब्राझीलमध्ये तो रोजचा शब्द आहे. पोर्तुगालमध्ये तोच शब्द वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर म्हटला तर अनेकांना तो उद्धट वाटतो. मळ्याच्या हिशेबाला बसणाऱ्या वयस्क बाई त्यावरून तुटक वागायला लागल्या आणि भाऊंना कारण कळेना. तिथली रीत अशी की 'अ सन्योर' म्हणावं, म्हणजे बाईसाहेब, नाहीतर सर्वनाम गाळून क्रियापद आदराच्या रूपात ठेवावं. एकदा सांगितल्यावर भाऊंना ते पटकन पटलं. व्याही घरी आले की आपणही 'तुम्ही' न म्हणता 'बसावं, घ्यावं' म्हणतोच की.

परीक्षा

आता अडचणीचा भाग. ठिबकच्या पोर्तुगीजवर नोकरी सुधारली, पण परीक्षेत ठिबक येत नाही. ए-2 ची परीक्षा, 'सिप्ल' नावाची, लिस्बन विद्यापीठाचं केंद्र घेतं. वाचन-लेखनाला 45 टक्के, ऐकण्याला 30, बोलण्याला 25. उत्तीर्ण व्हायला 55 लागतात. म्हणजे सर्वांत जड पारडं लिहिण्या-वाचण्याचं, आणि भाऊंचं तेच सगळ्यात कच्चं. इथे शेतातली तऱ्हा उपयोगाची नव्हती. इथे शाळाच हवी होती, टेबल-खुर्ची, तक्ते आणि लाल पेन.

व्याकरणात मात्र मराठीने हात दिला, आणि यावर मला जरा थांबावंसं वाटतं, कारण इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं ज्या गोष्टींचा बाऊ करतात त्यातल्या निम्म्या आपल्याला आईच्या दुधातून मिळालेल्या असतात. नामाला लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं हे इंग्रजाला समजावायला धडे लागतात. चांगला-चांगली म्हणणाऱ्याला लागत नाहीत. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' आणि बाई 'ओब्रिगाद' म्हणते, यात आलो-आले म्हणणाऱ्याला नवल वाटायचं कारण नाही. भूतकाळाचं तर विचारूच नका. पोर्तुगीजमध्ये एकदा घडून संपलेल्या गोष्टीला एक रूप आणि पूर्वी वरचेवर घडायचं त्याला वेगळं रूप. पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं आहेत. मी भाऊंना दोन वाक्यं दिली: 'काल पाणी दिलं' आणि 'आम्ही रात्री पाणी द्यायचो'. पहिल्याला 'रगै', दुसऱ्याला 'रगाव्हामुश्'. नेमकं तेच. पुढे चूक झालीच तर मी एवढंच विचारायचो की मराठीत काय म्हणाल. 'असणे'साठी त्यांची दोन क्रियापदं आहेत, तिथे मात्र आपलं 'आहे' आणि 'असतं' पूर्ण जुळत नाही, आणि जुळवायला गेलं की घोळ होतो. ते पाठच करावं लागतं.

लेखनात छोटे निरोप आणि पत्रं येतात: वाढदिवसाला येऊ शकत नाही, घरमालकाला नळ गळतोय हे कळवा, अशी. भाऊंना मित्राला पत्र लिहा म्हटलं की सुचायचं नाही. "मित्राले पत्र कोन लिहितं?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. मग विषय फैजपूरचे ठेवले. मुलीच्या शाळेला न येण्याचं कारण कळवा, केळीच्या व्यापाऱ्याला गाडी उद्या पाठवा म्हणून लिहा. ही पत्रं निघाली. रविवारी त्यांच्याकडे सकाळी सात, इथे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्या वेळेला आठवड्याची पत्रं तपासायची असा शिरस्ता पडला.

2024 च्या अखेरीस त्यांनी परीक्षा दिली. शेरा 'सुफिसिएंत्', म्हणजे 55 ते 69 मधला. वर 'चांगलं' आणि 'फार चांगलं' असे दोन शेरे आणखी असतात, त्यांच्या वाटेला ते गेले नाहीत. तोंडी परीक्षेत शेजारच्या उमेदवाराबरोबर संभाषण होतं, विषय सुट्टीचा बेत. भाऊंनी दोन वाक्यांत सुट्टी गुंडाळली आणि मळ्यावर गेले, असं त्यांच्याकडूनच कळलं. परीक्षकांनी जाऊ दिलं.

न सुटलेलं बरंच आहे. सरकारी कार्यालयातून फोन आला की भाऊ अजून हडबडतात, कारण फोनवर हात दिसत नाहीत, तोंड दिसत नाही आणि बोलणारा घाईत असतो. त्यावर सध्या आम्ही फक्त पाच वाक्यं पक्की करतोय: सावकाश बोला, परत सांगा, संदेश लिहून पाठवा, तारीख कोणती, कोणती कागदपत्रं. दवाखान्यात ते अजूनही मुकादमाच्या मुलाला सोबत नेतात.

आणि आता वहिनींनी सुरू केलं आहे, फैजपूरहून. त्यांना ठिबकची वही देऊन भागणार नाही. त्या शिवणकाम करतात, घरी ब्लाउजच्या ऑर्डरी असतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला माप, अस्तर, काज आणि टाचणी यांचे शब्द विचारले. काजाचा शब्द मला पणजीत विचारून घ्यावा लागला. पुढच्या तासाला त्यांना बाही कशी बसवतात ते मला पोर्तुगीजमध्ये समजावायचं आहे.